विभाग आणि एकवाक्यता

एखाद्या समग्र वस्तूचे भाग वेगळे केले असता ती एकच राहते की अनेक होते, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत दीर्घ काळ वाद चालला. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवांपासून सिद्ध होणारा अवयवी हा त्या अवयवांहून निराळा, स्वतंत्र पदार्थ असून तो त्यांच्या ठिकाणी समवायाने, म्हणजे न तुटणाऱ्या संबंधाने, राहतो. बौद्धांनी हे मत नाकारले. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला असे दाखवून देतो की चाके, आस आणि जू यांहून वेगळा असा रथ कोठेही सापडत नाही, आणि ‘रथ’ हे त्या भागांच्या जुळणीला व्यवहारापुरते दिलेले नाव आहे. या दोन्ही पक्षांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः वस्तू होत्या. नियमांचा, आज्ञांचा किंवा उपदेशाचा समूह विभागला गेला तर त्याच्या एकत्वाचे काय होते, हा प्रश्न त्यांच्या चर्चेच्या मध्यभागी नव्हता. तो ज्यांनी खऱ्या अर्थाने हाताळला ते पूर्वमीमांसक, कारण त्यांच्यापुढे वेदातील विधिवाक्यांचा विस्कळीत आणि अवाढव्य संभार होता, आणि त्यातून यज्ञ नावाची एक सुसंगत कृती प्रत्यक्षात उभी करावयाची होती.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात वाक्याच्या एकत्वाची कसोटी येते. तिचा आशय असा की, ज्या पदसमूहाचे प्रयोजन एक आहे आणि ज्याचे भाग वेगळे केल्यास त्यांच्यात परस्परांविषयी आकांक्षा उत्पन्न होते, म्हणजे अर्थ पुरा होण्यासाठी एका भागाला दुसऱ्याची गरज भासते, तो पदसमूह म्हणजे एक वाक्य होय. या कसोटीचे वैशिष्ट्य असे की ती विभागाला घाबरत नाही; उलट विभाग करून पाहिल्याखेरीज एकत्व कळणारच नाही, अशी तिची मांडणी आहे. जे तोडल्यावर एकमेकांची वाट पाहत नाही ते जवळजवळ लिहिलेले असले तरी अनेकच असते, आणि जे तोडल्यावर एकमेकांना शोधते ते दूरदूर विखुरलेले असले तरी एक असते. स्थानाची एकता आणि अर्थाची एकता या दोन गोष्टी येथे पूर्णपणे विलग झाल्या, आणि मीमांसेने मानवी विचाराला दिलेल्या देणग्यांत हिचे स्थान फार वरचे मानले पाहिजे.

ही कसोटी आज जिथे रोज अजाणता वापरली जाते असे एक क्षेत्र म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या दूरध्वनीचे सर्व्हर. कार्यालयातील फोन एकमेकांना आणि बाहेरच्या जगाला जोडणारी जी यंत्रणा पूर्वी भिंतीवरील पेटीत, म्हणजे ईपीएबीएक्समध्ये, असे, तिचे काम आता साध्या संगणकावरील प्रणाली करते. अशा प्रणालींपैकी सर्वाधिक परिचित असलेली ‘अ‍ॅस्टरिस्क’ ही मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात लिहिण्यास घेतली, आणि तिचा मूळ संहितापाठ सर्वांना खुला ठेवला. हिचे वर्तन कॉन्फिगरेशन फाइलींनी, म्हणजे नियम लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइलींनी, ठरते. कोणता फोन कोणत्या नावाने व पासवर्डने नोंदला जाईल हे एका फाइलीत असते, आणि आलेल्या किंवा लावलेल्या क्रमांकाचे पुढे काय करावयाचे हे ‘एक्स्टेन्शन्स डॉट कॉन्फ’ या दुसऱ्या फाइलीत असते. या दुसऱ्या फाइलीतील नियमांच्या एकत्रित आराखड्याला डायलप्लॅन म्हणतात, आणि त्याचे जे गट पाडलेले असतात त्यांतील प्रत्येकाला कॉन्टेक्स्ट म्हणतात. स्वागतकक्षातील फोन एका कॉन्टेक्स्टमध्ये असतो, बाहेरून येणारा कॉल दुसऱ्यात, आणि एकच क्रमांक या दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टींचा वाचक होऊ शकतो.

नागपुरात सदर भागात, भोसलेकालीन ब्रिटिश रेसिडेन्सीची आठवण नावात जपणाऱ्या रेसिडेन्सी रोडवर, जी मध्यम आकाराची कार्यालये आहेत, त्यांच्यासारखे एक कार्यालय विचारासाठी घेता येईल. त्यात तीसएक फोन आहेत, काटोलला एक आणि अमरावतीला एक शाखा आहे, हिशेब विभागाला परगावी फोन करण्याची मुभा आहे आणि गोदामाला नाही. प्रारंभी हे सर्व नियम एका फाइलीत मावतात. वर्षभरात सुट्ट्यांचे नियम, नव्या शाखेचे नियम, रात्रपाळीचे नियम तिच्यात साठत जातात, आणि एका टोकाला केलेला बदल दुसऱ्या टोकाला काय बिघडवील हे सांगता येईनासे होते. तेव्हा फाइल विभागण्याचा निर्णय होतो. अ‍ॅस्टरिस्कमध्ये त्यासाठी हॅश-इन्क्लूड नावाची एक ओळ असते. ती लिहिली की तिच्यात नाव दिलेल्या फाइलीचा सगळा मजकूर, नियमांचा अर्थ लावला जाण्यापूर्वीच, त्या जागी ओतला जातो. वाचणाऱ्या माणसाला दहा फाइली दिसतात, यंत्राला एकच सलग पाठ दिसतो. नाव दिलेली फाइल जागेवर नसेल तर उरलेल्या नऊ फाइलींवर काम भागवण्याऐवजी यंत्र तो सगळा नवा पाठच नाकारते, आणि हे वर्तन कठोर वाटले तरी आकांक्षेच्या कसोटीला धरून आहे: ज्या भागाची अपेक्षा पाठानेच व्यक्त केली आहे, तो नसताना उरलेल्याला पूर्ण म्हणता येत नाही.

येथवर प्रश्न केवळ सोयीचा वाटेल. परंतु नियम कोठे तोडावा, तोडलेल्या भागावर काय लिहावे, आणि तो मुळात कशाचा भाग होता हे पुढच्या माणसाला कसे कळावे, हे प्रश्न सोयीचे नाहीत. उपदेशाची परंपरा जपणाऱ्या प्रत्येक समाजाला ते सोडवावे लागले आहेत. मराठीत त्यांचा सर्वांत गंभीर आणि सर्वांत सुंदर विचार महानुभाव पंथाने केला, आणि तोही विदर्भाच्या भूमीवर.

पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी हे परंपरेनुसार गुजरातेतील भरूचच्या प्रधानाचे पुत्र. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले, आणि रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंकडून त्यांना ज्ञानशक्ती प्राप्त झाली. रामटेक हे सदरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते चालताना, जेवताना, शिष्यांच्या भांडणात मध्यस्थी करताना, कोणी प्रश्न विचारला म्हणून किंवा कोणी चुकला म्हणून बोलले. त्यांच्यामागे, तेराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात, म्हाइंभटांनी ज्यांनी जे पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या, पंथाचे पहिले आचार्य नागदेव यांच्याकडून त्या पडताळून घेतल्या, आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग. आणि प्रत्येक भागात लहानमोठ्या लीळा, म्हणजे एकेका प्रसंगाची स्वयंपूर्ण कथने. हा पहिला विभाग काळाच्या अनुक्रमाने झाला होता: जे जेव्हा घडले ते तेव्हाच्या जागी ठेवले होते.

त्यानंतर केसोबासांनी, म्हणजे केशिराजव्यासांनी, एक निराळेच काम केले. लीळांतून त्यांनी चक्रधरांच्या मुखातील वचने तेवढी वेगळी काढली आणि त्यांची विषयवार मांडणी करून ‘सूत्रपाठ’ रचला. त्यात हजाराहून अधिक सूत्रे आहेत आणि ती महावाक्य, उद्धरण, विचार, आचार अशा प्रकरणांत विभागलेली आहेत. जे वचन एका गावच्या नदीकाठी एका रागावलेल्या शिष्याला उद्देशून उच्चारले गेले, ते आता तत्त्वविचाराच्या एका प्रकरणात, दुसऱ्या गावी दुसऱ्या शिष्याला सांगितलेल्या वचनाशेजारी येऊन बसले. लाभ उघड होता. साधकाला आचार कोणता हे जाणण्यासाठी संपूर्ण चरित्र धुंडाळावे लागेना, सूत्रे पाठ करता येऊ लागली, आणि पंथाला सिद्धान्ताचे शास्त्र लाभले. हानीही तितकीच खरी होती. प्रसंगातून सुटलेले वचन सर्वांना, सर्व काळी लागू असल्यासारखे दिसू लागते. एका भुकेल्या माणसाला दिलेली अनुज्ञा आणि एका लोभी माणसाला केलेला निषेध हे दोन्ही एका प्रकरणात ओळीने ठेवले तर ते परस्परविरोधी वाटतात, आणि वाचणारा एकतर एकाला खोटे ठरवतो किंवा दोन्हींवरचा विश्वास गमावतो.

पंथाने ही हानी ओळखली, हे त्याचे थोरपण. सूत्रपाठाच्या जोडीला ‘प्रकरणवश’ या नावाने ओळखले जाणारे साहित्य निर्माण झाले. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला, कशामुळे सांगितले गेले याची नोंद हे त्याचे कार्य. म्हणजे वचनाला प्रसंगातून बाहेर काढले, परंतु प्रसंगाकडे परत जाण्याची वाट बुजू दिली नाही. केसोबासांच्याच ‘दृष्टांतपाठा’त विभागाची आणखी एक शिस्त दिसते. त्यातील ११४ दृष्टांतांची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशा तीन अंगांची आहे. त्यांपैकी पहिली दोन अंगे चक्रधरांची, आणि दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचे सूत्राशी नाते जुळवून दाखवणारे विवरण, हे केसोबासांचे. संकलकाने स्वतःचे शब्द गुरूच्या शब्दांत मिसळले नाहीत, त्यांना वेगळे अंग दिले. कोणता शब्द कोणाचा, हे आजच्या वाचकालाही त्यामुळे सांगता येते.

पुढे उत्तरेकडून आलेल्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली आणि शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, असे पंथीय परंपरा सांगते. त्यामुळेच त्याचे अनेक पाठ आढळतात. ही पुनर्रचना शक्य झाली याचे एक कारण लीळांच्या रचनेत असले पाहिजे, कारण सलग महाकाव्य विस्मरणाने मध्येच तुटले तर ते सांधणे अवघड, परंतु एकेक लीळा आपापल्या जागी पूर्ण असल्याने ती कोणाच्याही स्मरणातून सुटी काढून आणता येते. विसाव्या शतकात या पोथ्यांचे मुद्रित रूप सिद्ध होण्यात नागपूरच्या अभ्यासकांचा वाटा मोठा आहे: ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र भागाभागांनी प्रकाशात आणले, आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेले विष्णु भिकाजी कोलते यांनी संपादिलेली लीळाचरित्राची बृहत् आवृत्ती १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केली. विखुरलेल्या पाठांतून एक पाठ ठरवणे हे विभागाच्या नेमके उलट कर्म आहे, आणि त्यालाही तीच माहिती लागते: कोणता भाग कोठून आला.

या कसोटीवर दूरध्वनी-सर्व्हरच्या फाइलींकडे पाहिले तर चांगला विभाग आणि वाईट विभाग यांतील भेद स्पष्ट होतो. नियम विषयवार वेगळे करणे हे सूत्रपाठाचे कार्य आहे; ते आवश्यकच. पण केवळ नियम लिहून ठेवला आणि तो कोणाच्या विनंतीवरून, कोणत्या अडचणीसाठी, किती काळापुरता घातला हे टिप्पणीच्या ओळीत नोंदवले नाही, तर प्रकरणवश हरवलेल्या सूत्रासारखी त्याची अवस्था होते. गोदामाचे फोन सायंकाळी सातनंतर बंद का, हे ठाऊक नसलेला नवा तंत्रज्ञ तो नियम काढायला भितो आणि ठेवायलाही भितो. यंत्र स्वतः या कामी थोडी मदत करते. अ‍ॅस्टरिस्कच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘डायलप्लॅन शो’ ही आज्ञा दिली की जुळून आलेला संपूर्ण आराखडा दिसतो आणि नियमापुढे तो कोणत्या फाइलीच्या कितव्या ओळीतून आला हेही लिहिलेले असते. मात्र ती फक्त स्थान सांगते. प्रसंग माणसानेच लिहायचा असतो, आणि तो न लिहिणे हा आळस नसून पुढे येणाऱ्या माणसावर केलेला अन्याय आहे, असेच म्हणावे लागते.

शब्दांच्या स्वामित्वाची जी शिस्त दृष्टांतपाठात दिसते तिचेही रूप येथे आढळते. अ‍ॅस्टरिस्कवर बसवलेल्या ‘फ्रीपीबीएक्स’ या व्यवस्थेत पडद्यावरील पाने भरून नियम ठरवता येतात, आणि ती व्यवस्था त्यांवरून स्वतः फाइली लिहिते. ज्यांच्या नावात ‘अ‍ॅडिशनल’ हा शब्द असतो त्या फाइली यंत्राच्या. दर बदलानंतर त्या नव्याने लिहिल्या जातात आणि त्यांत कोणी हाताने घातलेली ओळ पुसली जाते. ज्यांच्या नावात ‘कस्टम’ हा शब्द असतो त्या माणसाच्या, आणि यंत्र त्यांना हात लावत नाही. जुन्या पोथ्यांत नकलाकाराने समासातील टीप मूळ पाठात ओढून घेतली की प्रक्षेप निर्माण होतो आणि संपादकाची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत तो ओळखण्यात जाते. येथे ती सीमा आधीच आखलेली आहे. पासवर्डांची फाइल निराळी ठेवून ती वाचण्याचा अधिकार मोजक्यांनाच देणे हाही असाच, अधिकारभेदावर आधारलेला विभाग, आणि त्याबद्दल अधिक बोलण्याचे कारण नाही.

आता सर्वांत अवघड भाग उरतो, आणि तेथे पुन्हा मीमांसेकडेच यावे लागते. यज्ञांचे प्रकृती आणि विकृती असे दोन वर्ग तिने मानले. प्रकृती म्हणजे ज्याची सर्व अंगे सविस्तर सांगितली आहेत असा आदर्श याग, उदाहरणार्थ दर्शपूर्णमास. विकृती म्हणजे ज्याचे केवळ विशेष सांगितले आहेत आणि उरलेली अंगे प्रकृतीकडून घ्यावयाची आहेत असा याग. हे घेणे म्हणजे अतिदेश, ज्याची चर्चा मीमांसासूत्रांच्या सातव्या व आठव्या अध्यायांत येते. दहाव्या अध्यायात बाधाचा विचार आहे: विकृतीत प्रत्यक्ष सांगितलेले आणि अतिदेशाने आलेले यांत विरोध आला तर प्रत्यक्ष सांगितलेले टिकते. एखाद्या विकृतीत बर्हीसाठी, म्हणजे वेदीवर पसरण्याच्या गवतासाठी, शर नावाचे तृण प्रत्यक्ष विहित असेल तर प्रकृतीकडून अतिदेशाने येणारे कुश तेथे बाधित होतात.

अ‍ॅस्टरिस्कच्या डायलप्लॅनमध्ये हॅश-इन्क्लूडखेरीज आणखी एक इन्क्लूड आहे. तो बाणाच्या चिन्हासह लिहिला जातो. त्याने मजकूर ओतला जात नाही, तर एका कॉन्टेक्स्टमधून दुसऱ्या कॉन्टेक्स्टचा निर्देश केला जातो. लावलेला क्रमांक आधी स्वतःच्या कॉन्टेक्स्टमधील नियमांत शोधला जातो, तेथे तो जुळला नाही तरच निर्देशिलेल्या कॉन्टेक्स्टमध्ये, आणि असे निर्देश अनेक असतील तर ते लिहिलेल्या क्रमाने. हा अतिदेशच आहे, आणि बाधाचा नियमही त्याच्यासोबत आला आहे. पण यंत्राचा बाध मीमांसकाच्या बाधापेक्षा आंधळा असतो. मीमांसकाला दोन विधींचा खरा विरोध आहे की तो केवळ भासतो, हे आधी तपासावे लागते; यंत्र तसे काही तपासत नाही. जवळचा नियम कितीही ढोबळ असला आणि दूरचा कितीही नेमका असला, तरी ढोबळ नियम क्रमांकाला लागू पडला की नेमक्यापर्यंत शोध पोचतच नाही.

सदरच्या त्या कार्यालयात याचा परिणाम काय होऊ शकतो ते पाहावे. भारतात आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. फाइली विभागताना तो सर्वांना सामाईक म्हणून एका सामाईक कॉन्टेक्स्टमध्ये ठेवला गेला आणि प्रत्येक विभागाच्या कॉन्टेक्स्टमधून बाणाच्या इन्क्लूडने त्याचा निर्देश केला गेला. एका विषयाचा एक नियम एका जागी, असा हा विभाग वरकरणी निर्दोष दिसतो. हिशेब विभागाची फाइल लिहिणाऱ्याने मात्र नागपुरातील सात अंकी लँडलाइन क्रमांक डोळ्यांपुढे ठेवून, लावलेल्या क्रमांकाआधी शहराचा संकेतांक ०७१२ जोडण्याचा नियम घातला, आणि सात अंकांचा नेमका साचा देण्याऐवजी ‘एक अंक आणि त्यापुढे काहीही’ असा सैल साचा दिला. आता हिशेब विभागात कोणी कोसळले आणि शेजारच्याने ११२ लावला, तर तो क्रमांक त्या सैल साच्यात बसतो, त्याला ०७१२ जोडला जातो, आणि कॉल कोठेच पोचत नाही. सामाईक फाइलीतला नियम अचूक असतो, हिशेबाच्या फाइलीतला नियमही रोजच्या वापरात बरोबर चाललेला असतो, आणि कोणतीही एक फाइल उघडून पाहिली तर दोष सापडत नाही. दोष दोन फाइलींच्या मधल्या नात्यात असतो. अवयवी हा अवयवांहून निराळा आहे असे म्हणणाऱ्या नैयायिकांना काय दिसत होते, ते अशा वेळी कळते. जुळणीपलीकडे वेगळे काही नाही असे म्हणणाऱ्या नागसेनाचेही खरे ठरते, कारण बिघडली आहे ती जुळणीच.

मीमांसेच्या भाषेत उपाय असा की ज्या विधीचा बाध कोणत्याही स्थितीत होऊ द्यायचा नाही, तो अतिदेशावर सोडू नये; प्रत्येक ठिकाणी त्याचा प्रत्यक्ष उपदेश असावा. ११२ चा नियम एका स्वतंत्र फाइलीत, तिला कॉन्टेक्स्टचे शीर्षक न देता, लिहावा, आणि प्रत्येक विभागाच्या कॉन्टेक्स्टच्या आत, शीर्षकाच्या लगेच खाली, हॅश-इन्क्लूडने ती फाइल ओतावी. मग तो नियम त्या त्या कॉन्टेक्स्टचा स्वतःचा होतो, आणि एकाच कॉन्टेक्स्टमध्ये नेमका क्रमांक व सैल साचा समोरासमोर आले तर अ‍ॅस्टरिस्क नेमक्या क्रमांकाला प्राधान्य देते. नियम लिहिला एकाच जागी जातो, विहित मात्र सर्वत्र होतो. त्या फाइलीच्या माथ्यावर ती वेगळी का काढली आणि बाणाचा इन्क्लूड येथे का चालत नाही, हे दोन ओळींत लिहून ठेवावे, काटोल व अमरावतीच्या कॉन्टेक्स्टमध्ये त्या त्या ठिकाणची मदत कोणत्या लाइनवरून मिळेल याचा स्वतंत्र विचार करावा, आणि प्रत्येक बदलानंतर ‘डायलप्लॅन शो’ने एकेका कॉन्टेक्स्टमध्ये ११२ उमटला आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावे.